मधली जागा

इंझोरी, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, सन १९३८

चिरंजीव जगदेव,

पत्राच्या आरंभी आशीर्वाद लिहावा असं तुझे वडील सांगत. म्हणून तो लिहिला आहे असं समज.

तुझी पेटी पोचली. तुझ्या मंडळाच्या बाई पोचल्या. त्यांच्या मागून फोटो काढणारा पोचला. तू पोचला नाहीस. अमरावतीहून कारंज्यापर्यंत आगगाडी येते आणि कारंज्याहून पुढं बैलांची दमणी मिळते, हे मी तुला सांगायला नको. त्याच वाटेनं तू गेला होतास. बाई म्हणाल्या, "सेक्रेटरीसाहेब फार कामात असतात." मी म्हटलं, असेल. लहानपणीही कापूस वेचणीचे दिवस आले की तो कामातच असायचा.

'इंझोरीस माता-बालक वर्ग सुरू' असं तू तिकडं छापशील, म्हणून इथं काय झालं ते ऐक. वर्ग तुम्ही चावडीत ठेवला. चावडीसमोरून जाताना आपल्या बाया वहाणा काढून हातात घेतात आणि पदर नाकापर्यंत ओढतात. त्याच बायांनी चावडीत चढून, पाटलासमोर मांडी घालून अ आ इ म्हणायचं, असं तुझ्या मंडळानं ठरवलं. मंडळातले बाकीचे शहरातले असतील. तू तर या गावात वाढलास.

बाया आल्या, कारण कोतवाल घरोघर सांगून गेला होता. येऊन खाली धुळीत उभ्या राहिल्या, वहाणा हातात. बाई वरून बोलत होत्या. मातांनो, बालक म्हणजे देवाघरचं फूल, त्याला रोज साबणानं न्हाऊ घाला, सकाळी दूध द्या, फळं द्या. आपल्या शेतात निंदणाला येते ती धुरपताबाई माझ्या कानाशी लागली. "फूल हाय तं हाय, पन फुलाले एवढा शेंबूड काहून येते वं?"

वर्गाची वेळ दुपारी दोन ते चार. या दिवसांत दुपारी गावात कोण असतं? आजारी माणसं, म्हातारी माणसं आणि पाटील. त्यांना शिकवायचं असेल तर वेळ चांगली आहे.

मग फोटो. पुढच्या रांगेत पाटलाची आणि वाण्याची पोरं बसवली, कारण त्यांच्या अंगात सदरे होते. तांड्यावरच्या मोतीबाईचा पोरगा त्यांच्यात घुसला, तसा फोटोवाल्यानं त्याला दंडाला धरून बाहेर काढला. मोतीबाई मोठ्यानं म्हणाली, "राहू द्या नं साहेब. गरिबाच्याच पोराईसाठी हाय म्हने हे." बाईंना ते कळलं नाही. त्या हसल्या.

आता घरातलं. तुझी पेटी सोप्यात ठेवली तेव्हा रंगूनं तिच्यावरून हात फिरवला. पत्ता तुझ्या अक्षरात होता. तिला वाचता येत नाही, पण ते तुझं आहे हे तिनं ओळखलं. दिवाळीत तू मला लिहिलंस की तिनं या वर्गाची परीक्षा द्यावी, पास झाली तर अमरावतीला आणीन, अडाणी बायकोबरोबर चारचौघांत संसार करता येत नाही. ते मी तिला जसंच्या तसं वाचून दाखवलं. अडाणी हा शब्द गाळला नाही. तिनं एवढंच विचारलं, "आत्याबाई, परीक्षा म्हंजे काय करा लागते?"

तू लिहून चुकलास. आता त्यातून फिरू नकोस. तुझी लेक कौतिका चौथ्या वर्षात आहे आणि शेजारच्या कुणाही दाढीवाल्याला पाहून हा माझा बाप का म्हणून विचारते.

तुझी माय,
प्रयागबाई


इंझोरी, पौष वद्य द्वितीया

चिरंजीव जगदेव,

पाटलानं तुला कळवलंच. वर्ग आपल्या कोठ्यात भरतो. बैल बाहेर लिंबाखाली बांधले, जमीन सारवली, बारदान अंथरलं. वेळ बदलली. बाया वेचणीवरून आल्या की चूल पेटवायच्या आधी जरा टेकतात, तेव्हा. 'गुरांच्या गोठ्यात वर्ग भरवणे मंडळाच्या प्रतिष्ठेस शोभत नाही' असं तू लिहितोस. मंडळाची प्रतिष्ठा चावडीत आहे. तिथंच राहू दे. बाया इथं आहेत.

चावडीत तिसऱ्या दिवशी कुणीच आलं नव्हतं. इथं बारदान पुरत नाही.

तुझ्या पेटीतलं सामान पाहिलं. रंगीत लाकडी ठोकळे चांगले आहेत, एवढं कबूल करते. पोरं त्यांची गाडी करतात, बैल करतात, गढी करतात. साबणाच्या आंघोळीचा तक्ता मी भिंतीला लावला आहे, कारण तिथून वारा येत होता.

शिकवण्याची तुमची रीत मात्र मी बाजूला ठेवली. तुमच्या पुस्तकात पोरांचा वर्ग वेगळा, मायांचा वेगळा. आपल्या बाया 'शिकाले जातो' असं म्हणून घराबाहेर पडू शकत नाहीत. सासवा दारात उभ्या असतात. 'पोराले घेऊन जातो' म्हणून पडतात. म्हणून पोराला मांडीवर बसवायचं आणि त्याच्या हातात पेन्सिल द्यायची. त्याचा हात लहान, वळत नाही, म्हणून मायनं वरून धरायचा. दोघांचा हात एकदम फिरतो. सासूनं डोकावून पाहिलं तर पोरगं शिकत असतं. धुरपताबाईचं तर पोरगंही नाही. ती रोज शेजारणीचा नातू उसना आणते. परवा तो नातू झोपला, तर झोपलेल्याचा हात धरून तिनं पाटी भरली.

मोतीबाई म्हणाली, "काकू, पोट्टं शिकलं का मी शिकलो, हे कोनाले कसं समजन?"

मी म्हटलं, "कुनाले समजलं पायजे?"

"कोनाले नाई," म्हणाली, आणि पुढचं अक्षर मागितलं.

तू लिहितोस की मला शिकवण्याचं शिक्षण नाही. खरं आहे. तुझे वडील आणि तुझी बहीण मानमोडीच्या तापाच्या साथीत एका आठवड्यात गेले. त्यानंतर या घरात आवाज राहिला नाही. तू ओट्यावर पाटी घेऊन अक्षरं घोकायचास, तेवढाच. मी जात्यावर बसून ते ऐकायची. तू विटीदांडू खेळायला पळालास की पाटी मी घ्यायची. मग वाण्याच्या पुड्यांचे कागद, मग तुझ्या वडिलांची पोथी. ते श्रावणात वाचत, मी मागं बसून ऐकलेली होती. कानात होतं ते कागदावर सापडायला लागलं. शहाणी व्हायला मी शिकले नाही. संध्याकाळी घरात माणसाच्या बोलण्यासारखं काही असावं म्हणून शिकले. हे तुमच्या पुस्तकात कुठल्या रीतीत बसतं ते पाहा.

रंगूला सगळी मुळाक्षरं येतात. कौतिका तिच्या मांडीवर बसते आणि मायचं चुकलं की तिच्या हातावर चापट मारते.

तुझी माय,
प्रयागबाई


इंझोरी, फाल्गुन शुद्ध नवमी

चिरंजीव जगदेव,

तुझं कार्ड आलं. चैत्रात परीक्षा, आणि ती घ्यायला तुझा वसतिगृहातला मित्र इंद्रभान येणार. तू का नाही? आपल्या गावची परीक्षा सेक्रेटरीनं स्वतः घेतली तर कायदा मोडतो काय?

रंगू वाचते. अडखळते, पण थांबत नाही. मागच्या बाजारी शेलूबाजारला गेलो होतो. तिथं दुकानावरच्या पाट्या ती मोठ्यानं वाचत चालली आणि माणसं वळून पाहायला लागली. मी म्हटलं, हळू वाच. तर म्हणाली, "हळू कसं वाचतेत ते नाई येत अजून."

त्या बाजारातून तिनं कौतिकासाठी काही घेतलं नाही. स्वतःसाठी घेतलं नाही. अमरावतीला न्यायला म्हणून एक पत्र्याची पेटी घेतली, कुलुपाची. ती आता सोप्यात ठेवली आहे आणि रिकामी आहे. मला ती पेटी पाहवत नाही. तू स्वतः ये आणि तिला ने. परीक्षेची वाट कशाला पाहतोस? लग्नात तिच्या गळ्यात माळ घातलीस तेव्हा पाटीवर काही लिहून घेतलं नव्हतंस.

प्रयागबाई


इंझोरी, चैत्र वद्य चतुर्थी, सन १९३९

जगदेव,

आज आशीर्वाद लिहीत नाही.

परीक्षेचा निकाल तुला इंद्रभाननं सांगितलाच असेल. 'इंझोरी केंद्र, एकही स्त्री साक्षर नाही.' आता ते कसं झालं ते मी सांगते. तुला ठाऊक नाही म्हणून नव्हे.

इंद्रभान घडीची टोपी घालून आला. पोरगा वाईट नाही. तुझ्यासारखा नाही, एवढंच त्याच्याबद्दल चांगलं बोलता येईल. बाया आंघोळी करून, धुतलेली लुगडी नेसून आल्या होत्या. मोतीबाई तांड्यावरून आरशाचा घागरा घालून आली. पोरांना आज घरी ठेवलं होतं. परीक्षा आहे, आता चोरून नको, असं त्यांचं त्यांनीच ठरवलं होतं. सासवाही आल्या आणि भिंतीशी बसल्या. त्यांनी काही म्हटलं नाही. धुरपताबाईची नणंद तर म्हणाली, "लिव वं, पाहू दे आमाले."

इंद्रभाननं कागद काढून वाचलं. पहिला प्रश्न, पाटीवर स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव आणि आडनाव लिहिणे. ज्या स्त्रीस आपले पूर्ण नाव लिहिता येत नाही ती निरक्षर समजावी आणि तिची पुढील परीक्षा घेऊ नये.

बायांनी पाट्या पदरानं पुसल्या.

मग पेन्सिली वाजायला लागल्या. सगळ्यांनी आपलं नाव लिहिलं. मधे बोटभर जागा सोडली. पुढं आडनाव लिहिलं. इंद्रभान पाट्या पाहत फिरला, आणि प्रत्येक पाटीवर मधली जागा कोरी.

तो म्हणाला, "अहो, नवऱ्याचं नाव राहिलं."

मोतीबाई म्हणाली, "राह्यलं नाई साहेब, ठेवलं."

"येत नाही का लिहिता?"

"येते. पन घेत नसतो."

"घ्यायचं नाही, फक्त लिहायचं."

"तोंडानं घेतलं काय अन् हातानं घेतलं काय? मी इथं नाव लिवलं अन् तिकडं माहा मानूस इहिरीत पडला तं तुमी काढान काय?"

सगळ्या हसल्या. इंद्रभानही हसला. मग धुरपताबाईनं त्याला विचारलं, "तुमची बायको घेते काय तुमचं नाव?" तो म्हणाला, माझं लग्न नाही झालं. "तं मंग थांबा," ती म्हणाली, "तिले इचारून या."

मी मधे पडले. म्हटलं, बापाचं नाव लिहू द्या. म्हणाला, चालणार नाही. म्हटलं, त्यांना वाचायला द्या, उतारा द्या, काय हवं ते लिहून घ्या, नवऱ्याचं तेवढं सोडा. म्हणाला, अट सेक्रेटरीसाहेबांनी स्वतः घातली आहे. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "आई, तुम्ही लिहून दाखवा, म्हणजे त्यांची भीड चेपेल." मी पाटी घेतली. प्रयागबाई लिहिलं, आडनाव लिहिलं, आणि मधली जागा सोडली. तेव्हा ही सगळी पत्रं तुला एका निरक्षर बाईकडून येतात, अशी मंडळाच्या दप्तरी नोंद करून ठेव.

रंगू कोपऱ्यात बसली होती. तिची पाटीही तशीच. मी तिच्याजवळ गेले. हळू म्हटलं, लिही. तुझं जाणं यावर आहे. बाकीच्यांचं सोड. तिनं पेन्सिल टेकवली. मग माझ्याकडं पाहिलं. "आत्याबाई," म्हणाली, "मी लिवलं अन् तिकडे त्याईले काही झालं तं?"

तिनं पाटी खाली ठेवली.

जगदेव, तू विसरलास असं मला कुणी सांगितलं तर मी त्याच्या तोंडावर हसेन. पटवारी आला, पोस्टमन आला, नवरा कोण म्हणून विचारलं, की आपल्या गल्लीतल्या बाया कुणाला हाक मारायच्या? तुला. तू कमरेवर हात ठेवून त्यांच्या नवऱ्यांची नावं ओरडून सांगायचास आणि गूळ मिळायचा. माझ्यासाठीही तूच सांगायचास. तुझे वडील गेल्यावर पटवारी वारस लावायला आला, तेव्हा माझ्या पदराला धरून त्यांचं नाव तूच सांगितलंस. गल्लीतल्या कुठल्या बाईच्या तोंडून कुठलं नाव निघत नाही हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. आणि तू तोच प्रश्न पहिला ठेवलास. पुढचं तपासू नये असंही लिहून ठेवलंस, म्हणजे तिनं वाचलेलं कुणी ऐकूच नये.

जाताना इंद्रभाननं पाणी मागितलं. रंगू तांब्या घेऊन आली. त्याला बिचाऱ्याला ती कोण हे ठाऊक होतं, पण तिला काय ठाऊक आहे हे ठाऊक नव्हतं. मला म्हणाला, "आई, आता निकाल लागलाच आहे, तर बोलायला हरकत नाही. साहेबांचा साखरपुडा तर माघातच झालाय. वैशाखातली तिथी आहे. तुम्ही याल ना?"

माघातच. फाल्गुनात तू परीक्षेचं कार्ड लिहिलंस.

रंगूनं त्याला पाणी दिलं. तांब्या रिकामा होईपर्यंत थांबली, परत घेतला आणि आत गेली.

ठोकळे, पाट्या, अक्षरं गिरवायची वाळूची ताटं, सगळं सामान इंद्रभान दमणीत घालून घेऊन गेला. निकाल शून्य, म्हणून केंद्र बंद, असा नियम आहे म्हणे. पोरं गावाबाहेरच्या नाल्यापर्यंत दमणीमागं धावली. साबणाचा तक्ता मीच काढून त्याच्या हातात दिला.

तुझे वडील असते तर काय म्हणाले असते, असं लोक लिहितात. मी लिहीत नाही. ते नाहीत हे मला रोज कळतं. आज पहिल्यांदा वाटलं, बरं झालं नाहीत.

प्रयागबाई


इंझोरी, वैशाख वद्य अष्टमी

जगदेव,

तुझं पत्र वाचलं. रंगूनंही वाचलं. मी घरात नव्हते, तिनंच पोस्टमनच्या हातून घेतलं आणि फोडलं. तू आजवर मला जे जे लिहिलंस त्यातलं मला वाटे ते मी तिला वाचून दाखवत होते. आता तिनं तुझं एक अख्खं पत्र वाचलं.

तू लिहितोस, 'मुलगी हुशार आहे, तिची अशा वातावरणात नासाडी होऊ देणे पाप आहे. अमरावतीच्या आमच्या बालमंदिरात तिला घालतो. तिची आई तिला काय देणार?'

पत्राचा कागद भारी होता. कौतिकानं तो मागितला आणि त्याची होडी केली.

नवी सून शिकलेली आहे म्हणतोस. तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. तिला तू काय सांगून आणलंस ते तिला कळेलच. पण पोरगी मागतोस ती कशासाठी, ते मला कळतं. तिकडं पाहुणे आले की पुढं करायला, 'खेड्यातली होती, पाहा कशी घडवली' म्हणून. इथल्या फोटोत तिला पुढं बसवलं नव्हतं. तिकडं बसवशील.

मी नाही म्हणते. पण मी नाही म्हणून काय होतं? बाप तू आहेस. पाटील म्हणतो, कायद्यानं पोरगी बापाची. कोतवालही तेच म्हणतो, कारण पाटील म्हणतो. रंगू काही म्हणत नाही. भाकरी करते, वावरात जाते, कौतिकाला एक क्षण खाली ठेवत नाही. एवढ्या मोठ्या पोरीला कडेवर घेऊन धसकटं वेचते.

प्रयागबाई


इंझोरी, ज्येष्ठ शुद्ध दशमी

जगदेव,

कौतिकाला न्यायला तू पाठवलेला इंद्रभान रिकाम्या दमणीनं परत गेला, आणि त्यानं तुला काहीतरी सांगितलं असेल. तो भला आहे, त्यानं सगळं सांगितलं नसेल. म्हणून मी लिहिते. हे माझं शेवटचं पत्र.

तो आला तेव्हा ऊन उतरत होतं. कोठ्यात बाया बसल्या होत्या. हो, वर्ग भरतो. पाट्या नाहीत तर घरांच्या कौलांचे तुकडे आहेत आणि कोळसा आहे. मोतीबाईनं तांड्यावरून आणखी दोघी आणल्या आहेत. तुझ्या कागदावर हे केंद्र बंद आहे, ते तसंच राहू दे. पाहुणे येत नाहीत.

दमणीत गादी घातलेली होती. इंद्रभाननं पोरीसाठी झालरीचा फ्रॉक आणला होता, आणि एक बाहुली, डोळे मिटणारी. कौतिका बाहुलीकडं गेली. रंगू घरातून बाहेर आली, पदर डोक्यावर, कुंकू लावलेलं, आणि उंबऱ्यात उभी राहिली. पाटीलही आला होता. रस्त्यावर माणसं जमली.

इंद्रभान म्हणाला, "वहिनी, पोरीच्या कल्याणाचं आहे. तुम्हाला वाटेल तेव्हा भेटायला या."

रंगू म्हणाली, "कोनं पाठवलं तुमाले?"

"सेक्रेटरीसाहेबांनी."

"कोन्या सेक्रेटरीनं?"

तो जरा हसला. "अहो, तुमच्या घरच्यांनी."

"माह्या घरचे इथंच हायेत सारे. नाव सांगा नं."

इंद्रभान खरंच भला आहे, जगदेव. त्याला वाटलं, बाई जरा निवळली, थट्टा करते आहे. तोही थट्टेत म्हणाला, "नाव मी कशाला घेऊ? तुम्हीच घ्या की."

बाया हसल्या नाहीत. त्यांना कळलं होतं. मला कळलं नव्हतं.

रंगूनं तुझं नाव घेतलं. मोठ्यानं, रस्त्यात, पाटलासमोर. हळू कसं बोलायचं ते तिला येत नसावं. नुसतं तुझंच नाही, तुझ्या वडिलांचं नावही त्याला जोडून घेतलं, आणि मग आडनाव. पूर्ण. राव नाही, साहेब नाही. म्हणाली, "त्याले सांगा, पोरगी येत नाई. त्याले काही होईन म्हनून मी ते नाव तोंडात ठेवलं होतं. आता होऊ दे का नको होऊ दे, मले त्याचं काही नाई."

पाटलानं मान खाली घातली. कायद्याचं तो काही बोलला नाही. जी बाई भर रस्त्यात नवऱ्याचं नाव घेते तिच्याशी काय बोलायचं, हे त्याच्या कायद्यात नसावं. रंगूनं कौतिकाच्या हातातून बाहुली काढून घेतली. पोरगी रडली. तिनं बाहुली दमणीतल्या गादीवर ठेवली, तिचे डोळे मिटले ते पाहिलं, आणि पोरीला उचलून आत गेली. इंद्रभाननं फ्रॉक बाहुलीशेजारी ठेवला. मग दमणीवाल्याला म्हणाला, चल.

मला मात्र खांबाला धरावं लागलं. तुझ्यासाठी नाही. तुझ्या वडिलांचं नाव या घरात कुणी मोठ्यानं घेतलं, त्याला वीस वर्षं होऊन गेली. मी घेऊ शकत नाही, तू सोडून गेलास, आणि गाव त्यांना विसरलं. ते आपल्या दारात उभे आहेत आणि त्यांना कुणी हाक मारली आहे, असं मला वाटलं. मी वळूनही पाहिलं. मग बसले. धुरपताबाईनं मला पाणी दिलं.

संध्याकाळी एकीनं रंगूला विचारलं, आता कुंकू लावशील काय? ती म्हणाली, "कपाळ माहं हाय." पत्र्याच्या पेटीत तिनं तांदूळ भरून ठेवला आहे. उंदीर जात नाहीत म्हणते.

तू माझा मुलगा आहेस हे मी खोडत नाही. खोडता येत नाही, नाहीतर पाहिलं असतं. माणूस शिकला की शहाणा होतो असं समजून मी तुला शिकवायला माझे दागिने नाही, पण माझे सगळे दिवस घातले. त्या दिवसांचं मला आता काय करायचं ते कळत नाही. तुझ्या भाषणांत आमच्याबद्दल तू बोलतोस असं इंद्रभान म्हणाला. माता, बालक, खेडं, अंधार. बोल. पैसे मिळत असतील, टाळ्या मिळत असतील. फक्त आमचं गाव म्हणू नकोस. दुसरं एखादं गाव घे.

यापुढं पत्र लिहिलंस तर ते परत येईल. माझे डोळे अजून चांगले आहेत, सुईत दोरा ओवता येतो. तुझं वाचावंसं वाटत नाही, एवढंच.

तुला यायचं असेल तर स्वतः ये. गाडी पाठवू नकोस. घर तुझ्या वडिलांचं आहे, तुला कुणी अडवणार नाही. मी भाकर वाढीन. संध्याकाळी आलास तर कोठ्याच्या दारापासून अंगणभर बाया बसलेल्या असतील, मांडीवर पोरं, हातात कोळसा. त्यांच्यातून वाट काढत तुला यावं लागेल. जरा सरकून त्या तुला जागा देतील.

उठणार मात्र कुणी नाही.

प्रयागबाई